‘उन्हाळा आहे, हवा कमीच ठेव’ हा सल्ला कुठे चुकतो

मे महिन्यात पेट्रोल पंपावर हवेच्या नळीपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती टाकू साहेब?" आणि खिडकीतून उत्तर येतं, "अठ्ठावीसच टाक. ऊन फार आहे, गाडी समृद्धीला काढायचीय."

असं सांगणारा माणूस निष्काळजी नसतो. गाडीत बायकामुलं असतात, बाहेर पारा ४३ वर असतो आणि तापली की हवा फुगते हे त्याने शाळेत शिकलेलं असतं. मग आधीच दोन-चार पॉइंट कमी भरले तर हवेला फुगायला जागा राहील, टायर फुटणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब असतो. माझ्या मामांनी आयुष्यभर हाच हिशेब केला आणि मी गाडी शिकलो तेव्हा मलाही तोच शिकवला. मीही बरीच वर्षं तसंच वागलो.

हा हिशेब उलटा आहे. उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर टायर फुटायचं मोठं कारण म्हणजे त्यात कमी असलेली हवा. ते कसं, हे नीट समजलं तर टायरच्या हवेबद्दलच्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गाडी उभी असते हवेवर

रिकामा टायर म्हणजे रबर, धागे आणि पोलादी तारा यांची एक जाड पिशवी. ती एकटी गाडीचं वजन पेलू शकत नाही. चाक पंक्चर झालं की रिम कशी खाली बसते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वजन पेलते ती आत कोंडलेली हवा. त्या हवेला धरून ठेवणं आणि रस्ता पकडणं हे टायरचं काम.

पंपावर ज्याला आपण पॉइंट म्हणतो तो म्हणजे पीएसआय, एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर. आपल्या मापात सांगायचं तर ३३ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २.३ किलो. माणसं बसलेली छोटी हॅचबॅक १२०० किलोच्या आसपास धरली तर एकेका चाकावर ३०० किलो आले. आता ३०० ला २.३ ने भागा. उत्तर येतं सुमारे १३० चौरस सेंटिमीटर. पोस्टाचं साधं कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६. टायरच्या रबराचाही थोडा ताठपणा असतो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण अंदाज बरोबर येतो. अख्खी गाडी चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर टेकलेली असते. ब्रेक लागतो तो तेवढ्यावर, घाटातलं वळण निभतं तेही तेवढ्यावर.

आता हवा २४ वर आली असं समजा. वजन तेच आहे, जोर कमी झालाय. त्यामुळे टायरला जास्त जागा टेकवावी लागते, साधारण १८० चौरस सेंटिमीटर. जास्त रबर टेकलं म्हणजे पकड वाढली, असं कुणालाही वाटेल. पण ही जादा जागा येते कुठून? टायरच्या दोन्ही बाजू बाहेर फुगून खाली चेपतात, तेव्हा ती येते. भार सरकतो कडांवर आणि मधल्या नक्षीवरचा दाब हलका होतो. म्हणूनच हवा कायम कमी असलेल्या गाडीचे टायर दोन्ही कडांनी झिजतात आणि मधली नक्षी मात्र नव्यासारखी राहते. जास्त हवेने याच्या उलट होतं, मधला पट्टा गुळगुळीत होतो. तुमच्या गाडीचा टायर आडव्या बाजूने हाताने चाचपून पाहा. गेली दोन-तीन वर्षं हवा कशी होती हे तो सांगेल.

टायर का तापतो?

जाडसर तार तोडायची असेल आणि पक्कड हाताशी नसेल, तर आपण ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहतो. दहा-पंधरा वेळा वाकवली की ती जागा बोटाला चटका बसेल इतकी तापते आणि मग तुटते. टायरचं अगदी हेच होतं.

चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला लागतो तो चेपतो आणि वर गेला की पुन्हा सरळ होतो. छोट्या गाडीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा आत असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १७ वेळा फिरतं. टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १७ वेळा वाकतो आणि सरळ होतो. तासाभरात ६१ हजारांहून जास्त वेळा. रबर वाकताना जेवढी शक्ती घेतं तेवढी सरळ होताना परत देत नाही. राहिलेली शक्ती उष्णता होऊन आतच साठते.

हवा बरोबर असेल तर प्रत्येक वेळचं वाकणं थोडं असतं. जेवढी उष्णता तयार होते तेवढी वाऱ्याने निघून जाते आणि टायरचं तापमान एका पातळीला स्थिर होतं. हवा कमी असेल तर प्रत्येक वेळी टायर खोल चेपतो, उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर टाकायला वेळ मिळत नाही. रबर आणि पोलादी तारांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. तापमान फार चढलं की ते थर एकमेकांपासून सुटायला लागतात. मग कधी वरचा नक्षीचा पट्टाच सोलून निघतो, कधी बाजूचे धागे तुटून टायर एका झटक्यात फाटतो.

उन्हाळा इथे आगीत तेल ओततो, कारण बाहेरची हवा आणि रस्ता दोन्ही तापलेले असतात आणि टायरला उष्णता टाकायला थंड जागा उरत नाही. पण मूळ आग टायरच्या वाकण्यातून येते आणि ती कमी करायचा उपाय म्हणजे हवा पुरेशी ठेवणं. उन्हाळ्यात हवा कमी केली की आपण नेमकी तीच आग वाढवतो.

समृद्धी महामार्गामुळे हा विषय आपल्याकडे घरोघरी पोचला. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये खुला झाला. टायर फुटल्याच्या बातम्या आल्या की लोक काँक्रीटला दोष देतात. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती न थांबता चालण्याची सोय. जुन्या रस्त्यावर दर वीस-पंचवीस किलोमीटरवर गाव लागायचं, गतिरोधक यायचा, ट्रकमागे अडकायला व्हायचं. आपण वैतागायचो, पण तेवढ्या वेळात टायर निवायचे. समृद्धीवर १२० च्या वेगाने दोन-अडीच तास एका दमात जाता येतं. गावातल्या गावात २५ पीएसआयवर वर्षभर निभावलेला टायर तिथे पहिल्यांदाच खऱ्या परीक्षेला बसतो.

मग तापल्यावर वाढलेल्या हवेचं काय?

गेल्या मे महिन्यात आम्ही छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला निघालो. मामा शेजारच्या सीटवर. गाडी रात्रभर उभी होती, पहाटे साडेपाचला चारही चाकं माझ्या हवा मोजायच्या गेजवर ३३ होती. कारंज्याच्या आसपास चहाला थांबलो तेव्हा मुद्दाम पुन्हा मोजली. ३८ भरली.

मामा म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना? फुगली की नाही? काढ पाच पॉइंट."

"नाही मामा, ही काढायची नसते. ही वाढणारच होती."

त्यांना पटेना, म्हणून तिथेच बाकावर बसून हिशेब मांडला. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरच्या हवेचा दाब असतो सुमारे १५ पीएसआय. म्हणजे टायरमधला खरा दाब ३३ अधिक १५, एकूण ४८. तापमान १० अंशांनी वाढलं की हा एकूण दाब साधारण तीन-सव्वातीन टक्के वाढतो, म्हणजे दीड पीएसआय. पहाटे २७ अंशांवर असलेली आतली हवा ५७-५८ अंशांवर गेली तर वाढ होते साडेचार-पाच पीएसआय. गेजने नेमकं तेच दाखवलं होतं.

गाडी बनवणाऱ्यांनी ३३ हा आकडा ठरवतानाच ही वाढ गृहीत धरलेली असते. तो आकडाच थंड टायरसाठी असतो. निरोगी टायर फुटायला ३८-४० च्या कितीतरी पट दाब लागतो, त्यामुळे नुसत्या वाढलेल्या दाबाने चांगला टायर फुटत नाही. त्या दिवशी मी पाच पॉइंट काढले असते तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर निवल्यावर गेजने २८-२९ दाखवले असते आणि परतीचा सगळा रस्ता आम्ही कमी हवेवर कापला असता. तेही आपण काळजी घेतोय अशा समजुतीत.

मामांनी चहा संपवला, हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "चल, ऊन चढायच्या आत वर्धा गाठू." मी काही काढलं नाही, त्यांनीही आग्रह केला नाही.

चार पॉइंटांची किंमत

दोन-चार पॉइंटांनी काय होतंय, असं वाटत असेल तर अमेरिकेतलं एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेच फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच, जड गाडीला बसवलेले होते. भर वेगात नक्षीचा पट्टा सोलून निघायचा आणि गाडी उलटायची. अडीचशेहून जास्त माणसं या अपघातांत गेली. तक्रारी मोठ्या प्रमाणात आल्या त्या टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांतून.

फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआयची शिफारस केली होती, फायरस्टोनचं म्हणणं होतं की ३० हवी. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. टायरच्या रचनेत दोष होताच, सरकारी तपासाने तसं म्हटलं. पण दोष असलेल्या टायरला २६ वर फारसं राखीव बळ उरत नव्हतं. चालकाने दोन-तीन महिने हवा पाहिली नाही की २६ ची २१-२२ होणार, त्यात उन्हाळा, कुटुंबाचं सामान आणि हायवेचा वेग. टायरच्या कारागिरीतला दोष आपण घरी बसून ओळखू शकत नाही. आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे हवा, आणि ती बरोबर असेल तर बाकीच्या चुका पचवायला टायरला थोडी जागा मिळते.

या प्रकरणानंतर अमेरिकेने कायदा केला आणि २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या गाड्यांमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडेही आता अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा असतो, मधे उद्गारचिन्ह आणि भोवती टायरचा आडवा छेद. पण त्याच्यावर सगळं सोपवू नका. अमेरिकी नियमात हा दिवा लागायची मर्यादा आहे २५ टक्के घट. म्हणजे ३३ ची २५ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. शिवाय काही गाड्यांमध्ये चाकात सेन्सर नसतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जलद फिरतंय का यावरून गाडी अंदाज बांधते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तिला फारसं काही कळत नाही, आणि हवा हळूहळू उतरते तेव्हा ती बहुतेकदा चारही चाकांतून एकदमच उतरत असते.

आपल्याकडचंही एक प्रकरण आहे. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या एका गाडीचा टायर फुटला, गाडी दरीत गेली आणि एका तरुणाचा जीव गेला. विमा कंपनीचं म्हणणं होतं, टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, भरपाई आम्ही का द्यायची? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. टायर फुटायला वेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान अशी कारणं असतात आणि प्रवासाआधी टायर तपासणं हे मालकाचं किंवा चालकाचं काम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. ‘नशीब, दुसरं काय’ असं म्हणायची आपली सवय आहे. हा निकाल तिथेच बोट ठेवतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

आकडा कुठे सापडतो

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर, सीट बेल्टच्या खालच्या बाजूला एक चिकटपट्टी असते. काही गाड्यांत ती दरवाज्याच्या कडेला किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. तिच्यावर तुमच्या टायरचं माप आणि पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते. बऱ्याचदा दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पाच माणसं आणि सामानासाठी. गावाला जाताना डिक्की भरली, मागे तिघं बसले की दुसऱ्या रकान्यातला आकडा लागू होतो आणि मागच्या चाकांना तो कधी कधी चार-पाच पॉइंटांनी जास्त असतो. हा दुसरा रकाना बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. आकडे किलोपास्कलमध्ये असले तर घाबरू नका, २३० म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा आकडा वेगळा. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तोच टायर वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसतं. ॲव्हरेज वाढेल म्हणून ४० भरून फिरणारे लोक मी पाहिलेत. ॲव्हरेजचा फायदा आहे, पण तो बरोबर हवा ठेवण्यातच जवळजवळ सगळा मिळून जातो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने दर एक पीएसआय कमतरतेमागे इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जातं. वरचे सात पॉइंट भरून जे थोडं वाचेल त्याच्या बदल्यात गाडी खड्ड्यात आदळते, टेकणारी जागा कमी होते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो.

मोजायचं कसं

थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली. सकाळी दूध आणायला जायच्या आधीची वेळ सगळ्यात चांगली. ऊन एका बाजूच्या चाकांवर पडायच्या आत.

आणि गेज स्वतःचा हवा. हे मी अनुभवाने सांगतोय. एकदा एका पंपावर चारही चाकांत ३३ भरून घेतली, यंत्राने प्रत्येक वेळी शिट्टी मारली, मीही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मोजली तर पुढच्या दोन चाकांत २७ आणि मागच्यांत २९ निघाली. नळी ओढली जाते, यंत्र पडतं, त्याचं माप पुन्हा जुळवलं जातंच असं नाही. त्या मुलाची त्यात काही चूक नव्हती, त्याने यंत्रावर दिसलं तेवढं भरलं. पेनाएवढा साधा गेज किंवा छोटा डिजिटल गेज दोन-चारशे रुपयांत मिळतो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात मावतो. तो नोझलवर, म्हणजे टायरच्या हवा भरायच्या तोंडावर सरळ, एका दमात दाबायचा. तिरका बसला तर हवेचा फुस्स आवाज येत राहतो आणि आकडा कमी दिसतो. दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे जुळले की झालं.

पंप घरापासून सात-आठ किलोमीटरवर असेल तर तिथे पोचेपर्यंत टायर गरम होणार. त्याला साधी युक्ती आहे. घरी थंड असताना किती कमी आहे ते लिहून ठेवा. समजा हवी ३३ आणि आहे २८, म्हणजे पाच कमी. पंपावर पोचल्यावर आपल्याच गेजने मोजा. ३० दिसली तर ३५ होईपर्यंत भरा, ३१ दिसली तर ३६. आकडा काहीही दिसो, घालायचे पाच. पंपावरची हवा फुकट असते, ती देणं पंपाला बंधनकारक आहे, संकोच करू नका. चार-पाच किलोमीटर जाणंही नको असेल तर गाडीच्या चार्जरच्या भोकात लावायचा छोटा पंप मिळतो. आवाज फार करतो, पण काम चोख करतो.

किती दिवसांनी? पंक्चर नसलेला टायरसुद्धा महिन्याला एक-दोन पॉइंट सोडतो. रबरातून हवा हळूहळू झिरपते, त्याला इलाज नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या सकाळी, एवढं पुरे. एक जादा वेळ मात्र थंडीची. ऑक्टोबरच्या उकाड्यात ३३ भरलेली हवा डिसेंबरात नाशिक-निफाडकडे पहाटे आठ-नऊ अंशांवर मोजली तर नुसत्या थंडीने तीन-चार पॉइंट उतरलेली दिसते. शिकागो, टोरोंटोकडच्या आपल्या लोकांना पहिल्या थंडीच्या सकाळी तो पिवळा दिवा दिसतो तो याच कारणाने. टायर पंक्चर झालेला नसतो, आतली हवा आकसलेली असते. तेव्हा ती भरायचीच, कारण टायरला त्या दिवशी त्याच हवेवर चालायचंय.

पाऊस

पावसाळ्यात लोक पकड वाढावी म्हणून हवा कमी करतात. वाळूत किंवा चिखलात रुतलेली गाडी काढायला ते चालतं, डांबरी रस्त्यावर नाही. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर टायरने ते दोन्ही बाजूंना आणि नक्षीच्या खाचांतून बाहेर ढकलायचं असतं. वेग वाढला आणि पाणी ढकलायला वेळ मिळाला नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात हलकं, पोकळ लागतं. हा वेग कुठला, याचा एक अंदाज नासाने विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून बांधला होता. तो थेट हवेच्या दाबावर ठरतो. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास, आणि २२ पीएसआयला ७८. मोटारीचा टायर विमानापेक्षा वेगळा, नक्षी झिजली असेल तर तर खूपच आधी तरंगेल, पण दिशा तीच. हवा कमी तर टायर लवकर तरंगतो. कशेडीच्या किंवा खंबाटकीच्या पावसात हा फरक कुणी अजमावून पाहू नये. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन भरला तर ओलावा कमी जातो आणि हवा किंचित सावकाश झिरपते, एवढाच फायदा. तो तापल्यावर फुगत नाही हे खरं नाही, साध्या हवेइतकाच फुगतो. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये वाटेत साधी हवा घातली तर काहीही बिघडत नाही. नायट्रोजनवाला सापडेना म्हणून कमी हवेवर पुढे जाणारे लोक असतात, ते मात्र खरंच धोक्याचं.

टोपी, पिन आणि स्टेपनी

एकच चाक सारखं उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर नोझल बघा. आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका टोपी काढतात, बोटाला थुंकी लावून नोझलच्या तोंडावर टेकवतात आणि वाकून बघत राहतात. बुडबुडा आला की आतली पिन गळतेय. चिमटीएवढ्या चावीने ती काढून नवी बसवायला त्यांना मिनिटभर लागतं. घरी हेच साबणाच्या पाण्याने करता येतं. टोपी हरवली असेल तर आजच घाला, कारण धूळ-चिखल आत गेला की पिन नीट बसत नाही आणि तिथून हवा गळायला लागते.

राहिली स्टेपनी. हा शब्द आपण इतका आपला केलाय की तो परका वाटत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस भावांनी गाडीला लावायचं जादा चाक बनवून विकायला काढलं, त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. तिकडचे लोक हा शब्द आता वापरत नाहीत, आपल्याकडे गॅरेजपासून घरापर्यंत तो टिकला. २०२० च्या नियमबदलानंतर पंक्चर काढायचा संच आणि हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल, तर ट्यूबलेस टायरच्या छोट्या गाड्यांना स्टेपनी देणं बंधनकारक नाही. त्यामुळे नवी गाडी घेताना डिक्कीचा तळ उचलून ती आहे का ते बघा. काही गाड्यांत ती बारीक, पिवळ्या खुणेची असते. तिला बहुतेक ६० पीएसआय लागतात आणि ताशी ८० च्या वर तिच्यावर जायचं नसतं.

नागपूरहून परत आल्यावर मामांच्या गाडीची स्टेपनी मोजली. १४ भरली. ती कधी भरली होती, हे त्यांना आठवेना. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर तिच्यात दरवाज्याच्या चिकटपट्टीवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा तीन-चार पॉइंट जास्त भरून ठेवावेत. चाक बदलल्यावर जास्तीची हवा किल्लीच्या टोकाने पिन दाबून काढता येते. रात्री साडेअकराला समृद्धीवर दुसरबीडच्या पुढे हवा भरून द्यायला मात्र कुणी भेटत नाही.